वायुवाहिनीच्या धोक्याची वर्दी गावातून वर कशी जाणार?

महोदय,

विदर्भातील अनेक गावांच्या शिवारांतून आता वायूच्या व इंधनाच्या भूमिगत वाहिन्या जातात. १९६२ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यात आम्ही विहीर खोदू शकत नाही, घर बांधू शकत नाही की झाड लावू शकत नाही. ही बंधने आम्हाला नोटीस देऊन समजावली गेली. मात्र धोका आमच्या नजरेस पडला तर तो कोणाला कळवायचा, हे कोणी सांगितले नाही.

गेल्या श्रावणात नाल्याचा पूर ओसरल्यावर माझ्या तुरीच्या धुऱ्यालगतचा काठ खचला आणि काळ्या मातीतून नळाचे आवरण हातभर उघडे पडले. जवळच्या खांबावरील आपत्कालीन क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उन्हाने उडालेले होते. शेवटी वाहिनीवरून गस्त घालणाऱ्या मुलाला गाठले. त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि ‘वर कळवतो’ एवढेच म्हणाला. अकराव्या दिवशी तिथे वाळूची पोती रचली गेली. नळाला इजा झाली होती का, हे ना ग्रामपंचायतीला कळले, ना पोलीस पाटलांना. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या दप्तरी ही बाब पोहोचली की नाही, हे जाणून घेण्याचा मार्गही आम्हाला ठाऊक नाही.

आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी पहाटे वायुवाहिनी फुटून लागलेल्या आगीत वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार आपण आधीच केली होती, असे तेथील गावकऱ्यांचे म्हणणे होते. ही बातमी वाचल्यापासून मला त्या मुलाचा तो ‘वर कळवतो’ हा शब्द स्वस्थ बसू देत नाही. त्यातच, घरच्या सिलिंडरच्या वायूला येतो तसा वास मोठ्या वाहिनीतील वायूला असेलच असे नाही, ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

खोदकामापूर्वी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. उपक्रम चांगलाच आहे. परंतु उन्हाळ्यात पांदण रस्त्याच्या वा शेततळ्याच्या कामावर तासाप्रमाणे येणाऱ्या आमच्याकडच्या एकाही जेसीबीचालकाने त्याचे नाव ऐकलेले नाही.

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने आपत्कालीन व्यवस्थेचे नियम २०१० मध्येच केले आहेत. त्यांत एवढी भर घालावी, की गावकऱ्याने दिलेल्या प्रत्येक सूचनेची कंपनीने मराठीत लेखी पोच द्यावी, तिची प्रत मंडळाकडे व तहसीलदारांकडे पाठवावी आणि काय आढळले ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. तोवर, निदान यंदाच्या मृगापूर्वी, खांबांवरील क्रमांक तरी नव्याने रंगवले जावेत.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. अमरावती