पोट मऊ, कळ मात्र असह्य : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस,

सादर नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहते. हेच पत्र हिंदीतून आपल्या कार्यालयात दिले आहे. मराठीतून लिहिते आहे ते इथल्या घराघरांतल्या आजी-आजोबांसाठी.

माझे बाबा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत बाराला भुट्ट्याचा कीस खाणारे. शेवटच्या वर्षी त्यांना दोन फुलक्यांचीही धास्ती वाटू लागली. जेवण झाले की अर्ध्या-पाऊण तासात बेंबीभोवती कळ, मग दोन तास उशी पोटाशी धरून बसणे. त्यांनी खाणेच तोडले. वजन 12 किलो उतरले. एंडोस्कोपी नॉर्मल, साधी सोनोग्राफी नॉर्मल, म्हणून निदान काय, तर गॅस. चाळीस वर्षांची विडी आणि मधुमेह केसपेपरवर लिहिलेले होते, तरी आतड्याच्या रक्तवाहिनीची शंका कुणाला आली नाही.

जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागते. आतड्याची धमनी अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही आणि पोट दुखते. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखते, त्या अँजायनासारखेच हे. उपाशीपोटी केलेल्या डॉपलरने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) संशय येतो, सीटी अँजिओग्राफीने (शिरेत औषध टोचून रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीने) निदान पक्के होते. तेव्हा कळले असते तर धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, घालता आला असता.

एका रात्री ती धमनी पूर्ण बंद झाली. बाबा तळमळत होते आणि डॉक्टरांच्या हाताला पोट मऊ लागत होते. ही विसंगती हीच या आजाराची खूण आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या रात्री मऊ पोट बघूनच आम्हाला धीर दिला गेला. पुढे सीटी अडली ती क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टसाठी; सीटीत टोचायचे औषध मूत्रपिंडाला बाधेल ही भीती. इथे तासातासाला आतडे मरत असते; मूत्रपिंडाच्या काळजीपेक्षा हा उशीर जास्त घातक. सकाळी पोट उघडले तेव्हा आतडे काळे पडले होते.

साहेब, नवे यंत्र मागत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत सीटी आहे. साठीपुढचा माणूस, विडी-सिगारेट, मधुमेह किंवा हृदयाचे अनियमित ठोके (यांत गुठळी सुटून याच धमनीत अडकू शकते), आणि तपासणीत सापडते त्याहून कितीतरी जास्त दुखणे: असा रुग्ण आला की क्रिएटिनिनची वाट न पाहता त्याच वेळी सीटी अँजिओग्राफी करावी, असा लेखी आदेश प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात लावा. आणि रात्री दोन वाजता ती फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट, तिथे नसेल तर निदान ऑनलाइन, मिळेल अशी सोय करा.

आपली,
रामबागेतील एक मुलगी, इंदूर