स्वादुपिंडातील गाठ नीट पाहणाऱ्या डॉक्टरांना खुले आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या वडिलांच्या स्वादुपिंडात सापडलेल्या पाण्याच्या गाठीची तपासणी आपण ज्या क्रमाने केलीत आणि प्रत्येक टप्प्याचे कारण आम्हाला ज्या सविस्तरपणे सांगितलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण अशी गाठ आता अनेक घरांत ध्यानीमनी नसताना सापडते. तपासणी दुसऱ्याच तक्रारीसाठी झालेली असते आणि अहवालाच्या एखाद्या ओळीत स्वादुपिंडातील सिस्टचा उल्लेख निघतो. बाबांची सोनोग्राफी प्रॉस्टेटसाठी होती.

त्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावल्याची रक्तातली खूण, वाढलेले असल्यामुळे पुढचे सीटी स्कॅन कॉन्ट्रास्टचे, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठीच्या औषधाचे, इंजेक्शन न देताच करावे लागले आणि त्यातून गाठ २४ मिलिमीटरची आहे, यापलीकडे फारसे काही कळले नाही. एमआरसीपीने, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणाऱ्या एमआरआयने, त्याहून पुष्कळ अधिक सांगितले. या तपासणीत साचलेला द्रव आपोआप उजळ दिसतो. त्यासाठी क्ष-किरण लागत नाहीत आणि नलिका पाहण्यासाठी इंजेक्शनही लागत नाही. गाठ स्वादुपिंडाच्या नलिकेच्या एका उपशाखेला जोडलेली आहे आणि मुख्य नलिका रुंदावलेली नाही, हे त्या चित्रात आपण आम्हाला बोट ठेवून दाखवलेत. नलिकेशी जोडलेल्या आणि चिकट स्राव तयार करणाऱ्या अशा गाठींचे वर्णन जपानी डॉक्टरांनी १९८२ मध्ये केले. आज त्यांना आयपीएमएन म्हणतात, त्यांपैकी काही कालांतराने कर्करोगाकडे झुकतात आणि उपशाखेतल्या पुष्कळशा तशाच राहतात, हे आपण काहीही न लपवता आणि न घाबरवता सांगितलेत.

खरी अडचण होती ती त्या उजळ द्रवात दिसणाऱ्या सात मिलिमीटरच्या काळ्या ठिपक्याची. गाठीच्या भिंतीवर उगवलेला मांसल उंचवटा एमआरसीपीत काळा दिसतो आणि भिंतीला चिकटलेला घट्ट स्रावाचा गोळाही तसाच काळा दिसतो. याआधी ज्यांचा सल्ला घेतला होता, त्या शल्यचिकित्सकांनी मोठी शस्त्रक्रिया सुचवली होती. त्यांना मी दोष देत नाही, कारण क्योटो येथील बैठकीनंतर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठा उंचवटा हे अतिजोखमीचे लक्षण मानले आहे. मात्र तो उंचवटा कॉन्ट्रास्ट घेणारा, म्हणजे रक्तपुरवठा असलेला असावा लागतो, ही त्या वाक्यातली अट आपण आम्हाला दाखवून दिलीत. बाबांचे सारे आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत गेले. त्यांनी आपल्याला विचारले, “म्हणजे आत गाळ आहे की मांस, एवढंच बघायचं ना?” आपण हसून “अगदी तेवढंच” म्हणालात.

त्यासाठी आपण कॉन्ट्रास्टसह एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड केलीत. दुर्बिणीच्या टोकाशी असलेला सोनोग्राफीचा प्रोब जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेला की स्वादुपिंड अगदी लगत येते, त्यामुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत न दिसणारे बारकावे दिसतात, एवढे मी आधी वाचले होते. नवे होते ते शिरेतून दिलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांचे. तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान असलेले, वायूने भरलेले हे बुडबुडे रक्तवाहिन्यांतच फिरतात. जिथे रक्तवाहिन्या आहेत तो भाग उजळतो आणि जिथे नाहीत तो काळाच राहतो. वायू श्वासावाटे बाहेर पडतो, मूत्रपिंडांवर भार येत नाही, म्हणून बाबांसारख्या रुग्णाला ही पद्धत विशेष सोयीची. भोवतालचे स्वादुपिंड आणि गाठीची भिंत उजळली. तो सात मिलिमीटरचा ठिपका शेवटपर्यंत काळा राहिला. गाळच होता.

त्याच वेळी सुईने काढलेल्या द्रवात ग्लुकोज कमी आणि सीईए नावाचे प्रथिन मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅम या रूढ मर्यादेपेक्षा जास्त आढळले. यावरून गाठ स्राव तयार करणाऱ्या प्रकारातली ठरते, पण सीईए किती वाढले यावरून कर्करोग आहे की नाही हे ठरत नाही, हा खुलासा आपण आम्ही विचारण्याआधीच केलात. तो आकडा नुसता कागदावर हाती पडला असता, तर आमच्या घरात काय झाले असते याची मला पूर्ण कल्पना आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत, आणि ती न केलेल्या तपासणीची आहे. सुईतून बारीक लेसर प्रोब गाठीत नेऊन, शिरेतून फ्लुओरेसिन हे चमकणारे रंगद्रव्य देऊन, आतल्या अस्तराची सूक्ष्मदर्शी चित्रे तिथल्या तिथे पाहण्याची पद्धत मी उत्साहाने आपल्यापुढे मांडली होती. आयपीएमएनमध्ये त्या चित्रांत बोटांसारखे उंचवटे दिसतात आणि निरुपद्रवी सीरस गाठीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे दिसते, म्हणून गाठीचा प्रकारच संशयात असेल तेव्हा ती फार उपयोगी पडते, हे आपण मान्य केलेत. बाबांच्या गाठीचा प्रकार मात्र नलिकेशी असलेल्या जोडणीवरून आणि द्रवावरून कळलेला होता. त्या चित्रांनी निर्णय बदलला नसता, आणि त्या तपासणीनंतर काही रुग्णांना स्वादुपिंडाला सूज येते. नवे यंत्र कुठे वापरायचे नाही हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे डॉक्टर मला तरी पहिल्यांदाच भेटले.

आता बाबांची एमआरसीपी आधी सहा-सहा महिन्यांनी दोनदा आणि काही बदल न दिसल्यास वर्षातून एकदा होणार आहे. कावीळ, कारण नसताना घटणारे वजन किंवा नव्याने आढळलेला मधुमेह यांपैकी काहीही दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यावे, ही आपली सूचना आईने औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवली आहे. जुन्या चित्रांशी तुलना करता यावी म्हणून सर्व सीडी आम्ही दर वेळी बरोबर आणू. एमआरसीपीचा अहवाल लिहिताना “उंचवटा की स्राव, निश्चित सांगता येत नाही” असे स्पष्ट नमूद करणाऱ्या रेडिओलॉजिस्टना आम्ही कधी भेटलो नाही. त्यांच्यापर्यंतही आमचे आभार कृपया पोहोचवावेत.

आपली नम्र,
आपल्या एका रुग्णाची मुलगी