म्युझियमच्या बरण्या उचलणाऱ्यांनो, थँक्यू!

मागच्या आठवड्यातल्या पावसात आमच्या झूलॉजी म्युझियमचं छत गळायला लागलं तेव्हा जे कोणी धावत आले त्या सगळ्यांचे मनापासून आभार, गडबडीत नावं विचारायची राहूनच गेली. कॉमर्सची पोरं होती, कँटीनमधले दोघं होते, आणि एक काका तर नुसते मुलीचा फॉर्म भरायला आलेले, तेही बाह्या वर करून रांगेत उभे राहिले अन् हातोहात बरण्या पुढे. फॉर्मलिनच्या (बरण्यांमधले प्राणी टिकवायला वापरतात ते द्रावण) वासाने डोळे चुरचुरत होते पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. ऑक्टोपसची बरणी लेकरासारखी कडेवर घेऊन जिना उतरलेल्या दादाला तर स्पेशल थँक्यू! स्टारफिश आणि शंख-शिंपले वेगळे का ठेवले असं विचारणाऱ्या ताईसाठी, फॉर्मलिनमध्ये हळूहळू फॉर्मिक अ‍ॅसिड तयार होतं आणि त्यांचं कॅल्शियम विरघळतं, म्हणून ते 70 टक्के अल्कोहोलमध्ये (यावर कॉमर्सवाल्यांनी जे जोक मारले ते इथे लिहित नाही).

पेंढा भरलेले पक्षी मात्र खरं टेन्शन होतं, दमट हवेत बुरशी धरली की पिसं गेलीच, तर हॉस्टेलच्या मुलींनी न सांगता टेबलफॅन आणून दिले आणि रात्रभर चालू ठेवले. डिसेक्शन बंद झाल्यापासून पोरांना खरा प्राणी जवळून बघायला मिळतो तो इथेच, म्हणून जीव तुटत होता.

काका, तुमची छत्री आमच्याकडे राहिलीय, या घ्यायला, चहा पण घेऊ.