बाबा, या अर्जावर तुमचा शेरा हवा

ति. बाबा आणि ति. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

आई, आधी तुझं उत्तर. नोकरीचा करार वाढला, कायमचं अजून नाही. मावशीला ‘कॉलेजात शिकवते’ एवढंच सांग.

बाबा, तुम्ही विचारलंत, ग्रीकांची जुनी भाषणं वाचून करतेस काय? सध्या टेबलावर आहे ते प्रकरण तुम्ही तहसील कचेरीत जन्मभर हाताळलंय. इ.स.पू. 400 च्या आसपासचं अथेन्स. एका अपंग माणसाला सरकारकडून रोज एक ओबोल, म्हणजे चांदीचं एक छोटं नाणं, मिळतो. कारागिराची मजुरी तेव्हा दिवसाला साधारण सहा ओबोल. कुणीतरी तक्रार केली, हा घोड्यावर बसतो, धंदा करतो, धडधाकट आहे, बंद करा. संजय गांधी निराधारच्या फायलींत तुमच्याकडे यायचे तसलेच अर्ज. फक्त इथे निनावी कारभार नव्हता, तक्रारदाराला पाचशे जणांच्या मंडळासमोर उभं राहून बोलावं लागे.

या माणसाचं भाषण लिसियासनं लिहून दिलं. लिसियासचे वडील सिरॅक्यूजचे, त्यामुळे आयुष्याचा बराच काळ अथेन्समध्ये काढूनही तो परकाच; पण दुसऱ्यांना भाषणं लिहून देण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. आणि अपंग माणूस बोलतो काय? म्हणे, घोडा उसना आहे. खेचर परवडलं असतं तर त्यावर बसलो असतो. बाकीचे एक काठी घेतात, मी दोन घेतो, मग त्यावरूनही मला धडधाकट ठरवा की! आणि तसं ठरवणारच असाल तर नऊ आर्खॉनांच्या, म्हणजे शहराच्या बड्या अधिकाऱ्यांच्या, सोडतीत माझंही नाव घाला. तिथे अशी बरीचशी पदं चिठ्ठ्या टाकून भरत, त्यामुळे हा टोला नेमका बसला असणार. दुकानात टवाळ जमतात या आरोपावर तो उलट विचारतो, तुम्ही न्हाव्याकडे, चांभाराकडे जाऊन बसत नाही का?

प्लेटोला असली वक्तृत्वकला म्हणजे निव्वळ खुशामत वाटे. मला नाही पटत. चिठ्ठीनं निवडून आलेल्या साध्या माणसांना पटवल्याशिवाय एक ओबोलही सुटत नाही, ही व्यवस्था कशी चालत होती हे मला प्लेटोपेक्षा या भाषणातून जास्त कळतं. माझी निम्मी नोकरी हेच शोधण्यात जाते.

निकाल काय लागला याची नोंद उरलेली नाही. अख्ख्या भाषणाचं मराठी करून सोबत पाठवतेय, चारच पानं आहेत. वाचा आणि कळवा, मंजूर की नामंजूर? आईचंही मत घ्या, ती तुमच्यापेक्षा कडक आहे.

तुमची,
मनू