65 की 67?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर अमेरिकेतल्या एअरलाइन पायलटांच्या निवृत्तीच्या वयावरून तू चिडून म्हणालीस, "ही म्हातारी मंडळी खुर्ची सोडायलाच तयार नाहीत, आता म्हणे 67!" बाबा शेजारी होते, आणि तुझं काहीही त्यांना लगेच पटतं, म्हणून मी तेव्हा बोलले नाही.

65 चं 67 होऊ नये, हे माझंही मत. पण "साठीनंतर रिफ्लेक्सेस राहत नाहीत" हे तुझं कारण मला पटत नाही. त्या कॅप्टनची दर सहा महिन्यांनी मेडिकल होते, दर वर्षी ईसीजी होतो, सिम्युलेटरमध्ये घाम निघतो, शिवाय शेजारी को-पायलट म्हणून तू असतेस. मुंबई विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये जुलैच्या पावसात मी ऐकायचे ना! धावपट्टी दिसली नाही की काही जण शांतपणे "गोइंग अराउंड" (उतरणं सोडून परत वर जातोय) म्हणून मोकळे व्हायचे, काही शेवटपर्यंत ताणायचे. मोकळे होणाऱ्यांत केस पिकलेलेच जास्त. आता हा काही पुरावा नव्हे, पण तुझ्या वाक्याला तरी कुठे पुरावा आहे? (आम्हा कंट्रोलरांना तर तुमच्या अमेरिकेत 56 व्या वर्षीच घरी बसवतात. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.)

मुळात निवृत्तीला आधी साठीचा आकडा आला कसा ते बघ. 1959 साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांचं साठीच्या पायलटांशी भांडण चाललं होतं. जेट विमानं नवी होती आणि जुन्या लोकांना त्यांचं प्रशिक्षण देणं महाग पडत होतं. लवादात कंपनी हरली, तेव्हा स्मिथनी एफएए या सरकारी विमान-नियामक संस्थेच्या प्रमुखांना, केसाडांना, पत्र लिहिलं आणि 1960 मध्ये साठीला निवृत्तीचा नियमच झाला. पुढे केसाडा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. तुमची पायलटांची युनियन, अल्पा, आधी या नियमाविरुद्ध कोर्टात गेली, 1980 च्या सुमारास तोच नियम उचलून धरू लागली आणि 2007 मध्ये पुन्हा तिच्या विरोधात गेली. एवढ्या वर्षांत माणसाचं हृदय तेच होतं. बदलली ती पेन्शन. 2005 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने पेन्शनचा भार सरकारी विमा संस्थेवर टाकला. तिची कमाल रक्कम 65 व्या वर्षाच्या हिशेबाने ठरायची, म्हणजे कायद्याने साठीला घरी बसवलेल्या पायलटाच्या हातात त्याहून कमी. असा माणूस आणखी पाच वर्षं मागणारच.

तुझ्या बाजूचं खरं कारण वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना आयकाओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेची, 65 ची मर्यादा आहे. ती 67 करा, असा आयाटाचा (विमान कंपन्यांच्या संघटनेचा) प्रस्ताव आयकाओच्या 2025 च्या अधिवेशनात मंजूर झाला नाही. अशा वेळी अमेरिकेने एकटीने 67 केलं तर 66 वर्षांच्या वाइडबॉडी (लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाच्या) कॅप्टनला लंडन-टोकियो बंद. पण सीनिऑरिटी नंबर, म्हणजे कंपनीतल्या ज्येष्ठतेचा क्रम, त्याचाच वरचा, म्हणून तो देशांतर्गत उड्डाणांचं लहान 737 विमान मागणार. तिथला कॅप्टन खाली सरकणार, त्याच्याखालचा आणखी खाली, आणि जो जो सरकेल त्याचं नव्या विमानाचं प्रशिक्षण कंपनीच्या डोक्यावर. दोन वर्षांसाठी एवढा खटाटोप! हे तू बेधडक बोल.

आणि नंबरचंही बोल, त्यात लाज कसली? बेस, विमान, रिझर्व्हवर किती दिवस फोन उशाशी घेऊन झोपायचं, सगळं नंबरवर. ख्रिसमस तुला मिळत नाही. दिवाळी मिळते, कारण ती वरच्या कुणाला नको असते. लेफ्ट सीट, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, लांबली तर तुझा पगार लांबतो, घराचं कर्ज लांबतं. हे स्वच्छ गाऱ्हाणं आहे, त्याला तब्येतीचा मुलामा कशाला हवा?

आज जो 65 ला टेकलाय, तो 2007 मध्ये चाळिशीत होता. तेव्हा रातोरात निवृत्तीचं वय 60 चं 65 झालं, वरचे पाच वर्षं हललेच नाहीत, त्यात 2008 ची मंदी आली आणि पुष्कळ जण उजव्या सीटवर तुझ्यासारखेच अडकले. पुढच्या ट्रिपला कॅप्टनला विचार, त्या वर्षी त्याचा नंबर काय होता, आणि तेव्हा वरच्यांना तो काय म्हणायचा. काय सांगतो ते मला कळव.

तुझी,
आई