आढावा बैठक म्हणजे सुपरव्हिजन नव्हे

मा. संपादक,

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्याला फील्डवर्कच्या काळात दर आठवड्याला आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे शिक्षकांबरोबरची वैयक्तिक बैठक) मिळते. भेटीत काय पाहिले, कुठे चुकले, कशाने हादरलो, हे शिक्षकांसमोर बसून बोलता येते. बाल संरक्षणात नोकरी लागली की ही सोय बहुधा संपते, आणि अत्याचाराच्या केसेस नेमक्या तेव्हाच अंगावर येतात. त्या जागी येते आढावा बैठक. तिथे प्रश्न एकच: बाल न्याय कायद्याने दिलेल्या १५ दिवसांत सामाजिक तपासणी (मुलाच्या घरची आणि परिस्थितीची चौकशी) पूर्ण झाली का?

हिशेब घ्यायलाच हवा. पण तो घेणारा आणि कंत्राटाच्या मुदतवाढीवर शेरा मारणारा अधिकारी एकच असेल, तर ‘त्या घरी परत जायची भीती वाटते’ असे त्याच्यासमोर कोण म्हणेल? मग भीती अहवालात उतरते. गृहभेट फोनवर उरकते, चार अहवालांत तीच वाक्ये दिसतात, मुलाचे बोलणे ‘वाढवून सांगतोय’ म्हणून बाजूला पडते. अशा वेळी मेमो देणे सोपे असते.

सुपरव्हिजन म्हणजे आयसीसारखेच, अनुभवी व्यक्तीसमोर बसून केसेसवर मोकळेपणी बोलणे. ते पंधरवड्यातून एकदा, दीड तास, फोन बंद ठेवून व्हावे. केसेस दोनच घ्याव्यात; यादी वाचत सुटले की पुन्हा आढावाच होतो. पाहिले काय आणि त्यावरून ठरवले काय, हे वेगळे काढावे. ‘आई बेफिकीर आहे’ म्हणजे घरात नेमके काय दिसले? गडबड बहुधा इथेच सापडते. पुढचे पाऊल लिहून दोघांनी सही करावी. बैठक रद्द झाली तर त्याच आठवड्यात दुसरी तारीख द्यावी, कारण कामाच्या धबडग्यात पहिली गदा हिच्यावरच येते.

भयंकर घटनेनंतर मात्र ‘आत्ताच सगळे बोलून टाक’ असा आग्रह नको. एका बैठकीत वदवून घेतल्याने आघात टळत नाही. त्या दिवशी लवकर घरी सोडणे, पुढच्या भेटीला सोबत देणे आणि आठवड्याने पुन्हा विचारणे अधिक उपयोगी.

महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे, समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत. आयसी घेण्यात वर्षे घालवलेल्या शिक्षकांना बाहेरचे सुपरव्हायझर म्हणून मानधनावर नेमता येईल. एक दिवसाचे ताणमुक्ती शिबिर हा त्याला पर्याय नाही (प्रमाणपत्र मात्र छान मिळते). बोलणे गुप्त राहील, पण एखाद्या मुलाला धोका असल्याचे कळले तर ते वर कळवले जाईल, एवढे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगून ठेवावे.

– बाल संरक्षण क्षेत्रातील काही समाजकार्यकर्ते, पुणे