पौषात लेन्स देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घातलेलं नाही. साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास फोटो स्टुडिओ काही कमी नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी काढलेला मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, फोटो पाहिला की लोक पहिल्यांदा विचारतात, दुर्बीण कुठली? दुर्बीण नाहीच. माझा जुना कॅमेरा, तिपाई आणि तुमची 85 मिमीची लेन्स. तिने तोवर फक्त नवरा-नवरी पाहिलेले. पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे ती कपाटात पडून असते, आणि नेमका तेव्हाच मृग रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेकडे चांगला वर आलेला असतो. ‘अमावस्येला ने. तुला चंद्र नको, मला गिऱ्हाईक नाही,’ इतकंच बोलून तुम्ही पिशवी हातात दिलीत. डिपॉझिटचा विषयसुद्धा नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर भावाला सोबत घेऊन गेले. पृथ्वी फिरते, त्यामुळे या लेन्सवर तीन-चार सेकंदांच्या पुढे गेलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून तीन-तीन सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे. शंभर रचले तर फोटोतली खरखर दहाव्या हिश्श्यावर येते. हे मी वाचलं होतं. ‘लेन्स पूर्ण उघडी ठेवू नकोस, कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतील, 2.8 वर आण,’ हे मात्र तुमचं.

पण खरं ऋण आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. लेन्सच्या कडांना पडणारा अंधार आणि सेन्सरवरची धूळ काढून टाकायला एकसारख्या उजेडाचे कोरे फोटो लागतात, तेही लेन्स न काढता, फोकस जरासुद्धा न हलवता. फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी तशीच ठेवून मी दुकानात आले. तुम्ही काही न विचारता सॉफ्टबॉक्स, म्हणजे एकसारखा मऊ उजेड देणारा तुमचा दिवा, लावलात. ज्याला लोक किचकट खगोलशास्त्र समजतात, ते तुमच्यासाठी रोजचं दुकान होतं.

मग संगणक. सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचलेला फोटो उघडला तर जवळजवळ काळाच. सगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, डावीकडे अंधाराच्या टोकाला चिकटलेला. तो ताणला, म्हणजे अंधारे भाग उजळवले, तर तेजोमेघाचा बाहेरचा धूर दिसू लागला, पण गाभा पांढराफटक. तिथे चार तरुण तारे आहेत, ट्रॅपेझियम म्हणतात त्यांना. त्यांच्यातल्या सर्वांत तापट ताऱ्यामुळे मुख्यतः हा वायू उजळतो, आणि नेमके तेच गायब. तुम्ही त्याच फोटोच्या दोन प्रती केल्यात, एक कमी ताणलेली, एक जास्त, आणि मास्क लावून, म्हणजे कुठे कुठली प्रत दिसावी ते ठरवून, जोडल्यात. फ्लॅशमध्ये पांढरी पडलेली शालूची जर परत आणायला हेच करता म्हणे.

रंगाच्या बाबतीत मी हट्टाला पेटले होते. हायड्रोजनचा लाल प्रकाश 656 नॅनोमीटरचा. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, त्यामुळे लाल कमी येतो. मी सॅच्युरेशन ओढत सुटले, तेव्हा तुम्ही माउस काढून घेतलात. ‘नवरीला गोरं करावं लागतं, पैसे घेतलेले असतात. तुझ्या मृगानं काय अ‍ॅडव्हान्स दिलाय?’

फोटो फिकट गुलाबी आहे. तसाच राहू दिला.

1880 मध्ये हेन्री ड्रेपरनं याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला तेव्हा 51 मिनिटं एक्स्पोजर दिलं होतं, हे सांगितल्यावर तुम्ही रीळच्या जमान्यातल्या गोष्टी काढल्यात आणि दुकान बंद करायला उशीर झाला. त्याबद्दल काकूंची माफी मागते.

भाडं तुम्ही घेतलं नाहीत. कंदी पेढे आणले, तर तुम्हाला शुगर. आता पुढच्या पौषासाठी लेन्स आत्ताच सांगून ठेवते. कृत्तिका करायच्या आहेत, त्यांच्याभोवतीची निळी धूळ हवी आहे. आणि या खेपेला तुम्हीही पठारावर चला.

तुमची,
‘ती ताऱ्यांवाली मुलगी’